दंतरोपण : हाडातील छिद्र आणि हिरडीचे आरोग्य

भिगवणचे नाव काढले, की पुणेकर वाचकाला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी आठवतात, फार तर तेथील मासळी बाजार आठवतो. इंदापूर-बारामतीच्या या पट्ट्यात राहणाऱ्यांना मात्र बोअरची गाडी अधिक परिचयाची आहे. वर माती, खाली मुरूम आणि मग काळा कातळ, अशी येथील जमीन. बोअर घेणारा जाणता माणूस वर येणाऱ्या भुकटीवरून खाली काय लागले ते ओळखतो आणि त्याप्रमाणे यंत्राचा जोर कमी-अधिक करतो. दगडाचा चुरा वेळीच बाहेर पडला नाही, तर हत्यार अडकते. जबड्याच्या हाडात कृत्रिम दाताचे मूळ बसवताना दंतवैद्याला जवळपास हेच तारतम्य ठेवावे लागते. फरक इतकाच, की कातळ निर्जीव असतो. हाड जिवंत असते आणि ते भाजते.

पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी जबड्यात टायटॅनियमचा लहानसा स्क्रू बसवून त्यावर दात उभा करणे, म्हणजे दंतरोपण अथवा ‘डेंटल इम्प्लांट’. हा स्क्रू साधारणपणे साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांब असतो. त्यासाठी हाडात जे छिद्र करावे लागते, त्याचे काम अनेकदा दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. रुग्ण चौकशी करतो ती इम्प्लांट कोणत्या कंपनीचा, स्वदेशी की परदेशी, किंमत किती आणि हमी किती वर्षांची याची. छिद्र कसे केले जाणार, हे सहसा कोणी विचारत नाही. इम्प्लांटभोवतीचे हाड टिकणार की झिजणार आणि त्या हाडावर विसावलेली हिरडी जागेवर राहणार की मागे सरणार, याचा बराचसा निर्णय मात्र या दहा-पंधरा मिनिटांत होऊन जातो.

ज्या शोधावर ही सारी विद्या उभी आहे, तो शोध हाडाला न दुखावण्याच्या प्रयत्नातूनच लागला. स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणे प्रयोगानंतर काढायला गेले, तर ती निघेनात, कारण हाड धातूला थेट चिकटले होते. या घटनेला पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव मिळाले. १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे रोपण केले आणि १९८२ च्या टोरँटो येथील परिषदेनंतर जगाने ही पद्धत स्वीकारली. ब्रोनेमार्क यांच्या पद्धतीत धातूइतकेच महत्त्व शस्त्रक्रियेतील हळुवारपणाला होते. धारदार ड्रिल, मुबलक सलाइन, टप्प्याटप्प्याने वाढवलेले छिद्र आणि त्यानंतर खालच्या जबड्यात तीन, तर वरच्या जबड्यात सहा महिने विश्रांती, असा त्यांचा शिरस्ता होता.

सत्तेचाळीस अंशांची मर्यादा

दातातील कीड काढणारे यंत्र मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. इम्प्लांटचे ड्रिल त्या मानाने फारच सावकाश, बहुधा मिनिटाला ८०० ते १५०० फेऱ्यांनी फिरते. तरीही घर्षण होते आणि घर्षणाबरोबर उष्णता येते. हाड उष्णतेचे मंदवाहक असल्याने ती जिथे निर्माण होते तिथेच साचते.

ही उष्णता किती चालते, याचे सर्वाधिक उद्धृत केले जाणारे उत्तर स्वीडनमधील एरिकसन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये दिले. सशांच्या हाडात बसवलेल्या एका कक्षातून त्यांनी जिवंत हाडाचे निरीक्षण केले, तेव्हा ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट राहिले तरी हाडाला इजा होते, असे आढळले. त्यापूर्वी ही मर्यादा ५६ अंशांच्या आसपास समजली जात असे. शरीराचे तापमान ३७ अंश धरले, तर दंतवैद्याच्या हाती केवळ दहा अंशांची मोकळीक उरते. हा प्रयोग माणसावर झालेला नाही आणि एकाच बिंदूवर ड्रिल मिनिटभर क्वचितच थांबते, हेही लक्षात घेतले पाहिजे. तेव्हा ४७ हा आकडा सावधगिरीची खूण समजावा. तो ओलांडला, की हाड गेलेच असे समजण्याचे कारण नाही.

तापमान वाढते ते कशामुळे? केवळ वेगामुळे, असा समज सर्वत्र आहे आणि तो अपुरा आहे. बोथट ड्रिल कमी वेगाने, पण जोरात दाबून बराच वेळ चालवले, तर धारदार ड्रिल जलद चालवण्यापेक्षा जास्त उष्णता निर्माण होऊ शकते. जनावरांच्या हाडांवरील प्रयोगांत वेग आणि दाब यांपैकी एकच वाढवला तेव्हा तापमान चढले. दोन्ही जोडीने वाढवले तेव्हा काम लवकर उरकले आणि तापमान फारसे चढले नाही. म्हणून धार, दाब, वेग, खोली आणि हाडाचा टणकपणा यांचा एकत्र विचार करावा लागतो. ड्रिल सतत आत रेटत न राहता खाली-वर करीत चालवणे, हा यातला सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी उपाय. प्रत्येक वेळी ड्रिल वर आले, की चुरा बाहेर पडतो आणि गार सलाइनला आत शिरायला वाट मिळते. चुरा ड्रिलच्या खाचांत अडकून राहिला, तर बाहेरून कितीही सलाइन ओतले तरी ते तळापर्यंत पोहोचत नाही.

धारेची गोष्ट तर निव्वळ शिस्तीची आहे. प्रत्येक वापराने आणि प्रत्येक निर्जंतुकीकरणाने ड्रिल थोडे थोडे बोथट होते. ते किती वेळा वापरावे याची मर्यादा उत्पादक कंपन्या घालून देतात, परंतु ही मोजणी ठेवणे ज्याच्या त्याच्या हाती असते. इम्प्लांट कोणत्या कंपनीचा, या प्रश्नाइतकाच ‘ड्रिलच्या वापराची नोंद ठेवता का?’ हा प्रश्न रुग्णाने विचारण्याजोगा आहे. तो विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

मऊ हाड, टणक हाड

अगदी काळजीपूर्वक छिद्र केले, तरी कडेच्या हाडाचा एक पातळ थर मरतोच. शरीर तो थर हळूहळू काढून टाकते आणि त्या जागी नवे हाड घालते. त्यामुळे बसवल्या दिवशी घट्ट असलेला इम्प्लांट तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास किंचित सैल पडतो आणि नंतर नव्या हाडाच्या आधाराने पुन्हा दृढ होतो. पहिल्या दिवसाचा घट्टपणा यांत्रिक असतो, भिंतीत खिळा बसावा तसा. खरा आधार नंतर येतो. मेलेला थर जितका जाड, तितका मधला सैलपणाचा काळ लांबतो. थर फारच जाड असला, तर हाडाऐवजी तंतुमय ऊती धातूभोवती वेढा घालते आणि इम्प्लांट हलू लागतो.

लेकहोम आणि झार्ब यांनी १९८५ मध्ये जबड्याच्या हाडाचे चार प्रकार सांगितले. पहिला प्रकार जवळजवळ पूर्ण टणक, तर चौथ्यात बाहेर पातळ कवच आणि आत विरळ, जाळीदार हाड. खालच्या जबड्याचा पुढचा भाग बहुधा टणक असतो आणि वरच्या जबड्यातील दाढांची जागा बहुधा मऊ. दोन्हीकडे एकच पद्धत चालवली, तर एकीकडे हाड भाजण्याचा आणि दुसरीकडे इम्प्लांट डुगडुगण्याचा धोका संभवतो. म्हणून मऊ हाडात छिद्र मुद्दाम इम्प्लांटपेक्षा बरेच अरुंद ठेवतात, म्हणजे स्क्रू आत जाताना हाड दाबले जाऊन आधार मिळतो. टणक हाडात याच्या उलट, छिद्र जवळजवळ पुरत्या मापाचे करतात, वरचा काठ वेगळ्या ड्रिलने रुंद करतात आणि गरज पडल्यास स्क्रूचे आटे आधीच पाडून घेतात. हे हाताला जाणवावे लागते. स्कॅनवरून अंदाज येतो, पण पहिले दोन मिलिमीटरचे ड्रिल आत जाताना जो प्रतिकार लागतो, तीच खरी माहिती. बोअरवाल्याला भुकटी सांगते, तसेच हे.

घट्टपणाचा मोह

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. भिगवणच्या रुग्णाला बारामती जवळ आहे. पुण्याला जायचे तर शंभरेक किलोमीटरचा प्रवास. दंतरोपण एका फेरीत संपत नाही. तपासणी, स्कॅन, शस्त्रक्रिया, टाके काढणे, काही महिन्यांनी माप देणे आणि शेवटी दात बसवणे, अशा निदान पाच-सहा खेपा होतात. प्रत्येक खेपेला दिवस मोडतो. मग ‘एका दिवसात पक्के दात’ ही जाहिरात आकर्षक वाटली, तर रुग्णाला दोष देता येणार नाही. पुण्या-मुंबईच्या नोकरदारालाही ती तितकीच आकर्षक वाटते, कारण रजा त्यालाही मिळत नाही.

इम्प्लांट बसवल्या दिवशीच त्यावर दात चढवायचा, तर तो पहिल्या दिवसापासूनच चांगला घट्ट बसलेला असावा लागतो. हा घट्टपणा ‘न्यूटन-सेंटीमीटर’ या मापात मोजतात. लगेच दात चढवण्यासाठी ३५ च्या आसपास किंवा अधिक जोर लागला, तर पुरेसे मानले जाते. एक सेंटीमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला साडेतीन किलोचे वजन टांगल्यावर जितका पीळ पडेल, तितका हा जोर. तो वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे छिद्र अरुंद ठेवणे. इथेच मोह होतो. ३५ चांगले, तर ७० त्याहून चांगले असे वाटू लागते. परंतु हाड म्हणजे लाकूड नव्हे. मर्यादेपलीकडे दाबलेल्या टणक हाडातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात आणि विशेषतः वरच्या काठाचे हाड उपासमारीने मरते.

याचा हिरडीशी काय संबंध, असे वाचकाला वाटेल. नैसर्गिक दाताभोवतीच्या हिरडीचे तंतू दाताच्या मुळाच्या आवरणात आडवे शिवल्यासारखे गुंतलेले असतात. इम्प्लांटला असे आवरण नाही. तंतू त्याला समांतर, गळपट्टा गुंडाळावा तसे असतात. शिवाय दात आणि हाड यांच्यामधील अस्तरातून हिरडीला जो रक्तपुरवठा होतो, तोही इथे नसतो. त्यामुळे इम्प्लांटभोवतीची हिरडी जवळपास पूर्णपणे खालच्या हाडाच्या भरवशावर उभी असते. काठाचे हाड गेले, की दोनपैकी एक घडते. हिरडी पातळ असेल तर ती हाडाच्या मागोमाग सरते आणि धातूची करडी कडा दिसू लागते. ती जाड असेल, तर जागेवर राहते, पण आत खोल कप्पा तयार होतो आणि त्यात जंतूंना घर मिळते. पहिला प्रकार आरशात दिसतो. दुसरा दिसत नाही म्हणून अधिक वाईट.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका चाचणीत रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून एका गटात ५० न्यूटन-सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक, तर दुसऱ्या गटात त्याहून कमी जोराने इम्प्लांट बसवले होते. अधिक जोराच्या गटात हाडाची झीज आणि ओठाकडच्या बाजूची हिरडी मागे सरणे, दोन्ही जास्त आढळले. ओठाकडच्या हाडाची भिंत एक मिलिमीटर किंवा अधिक जाड असलेल्यांना हा त्रास कमी झाला. सर्वच अभ्यास असे सांगत नाहीत. अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात अधिक आणि कमी जोर यांत लक्षणीय फरक दिसला नाही, असेही निष्कर्ष आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते या विरोधाची उकल हाडाच्या जाडीत आहे. मऊ, जाड हाड पुष्कळ दाब सोसते. पातळ आणि टणक काठ सोसत नाही. समोरच्या दातांच्या जागी ओठाकडची भिंत नेमकी पातळ असते आणि हिरडीची रेषा दिसते तीही तिथेच. तेथे घट्टपणाचा आकडा मिरवणाऱ्यापेक्षा तो आवरणारा शल्यचिकित्सक बरा.

जागा आणि कल

उष्णता आणि दाब यांचे परिणाम काही महिन्यांत कळतात. चुकलेल्या जागेचा परिणाम आयुष्यभर राहतो. इम्प्लांट आणि शेजारचा दात यांत किमान दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटांमध्ये तीन मिलिमीटर आणि ओठाच्या किंवा गालाच्या बाजूला दीड ते दोन मिलिमीटर हाड राहावे, असा संकेत आहे. खालच्या दाढांच्या जागी ओठाला संवेदना देणारी नस हाडातून जाते. तिच्यापासून दोन मिलिमीटर अंतर राखतात. पहिले ड्रिल एक-दोन अंश कलले, तर पुढची सर्व ड्रिले त्याच वाटेने जातात. हाडाची रुंदी साध्या चपट्या एक्स-रेत दिसत नाही, म्हणून सीबीसीटी स्कॅन हवा. स्कॅनवरून बनवलेला साचा तोंडात बसवून त्यातील नळीतून ड्रिल चालवले, तर कल बराच अचूक साधतो. मात्र त्या नळीमुळेच सलाइन छिद्रापर्यंत नीट पोहोचत नाही. त्यामुळे साचा वापरताना ड्रिल अधिक वेळा वर काढावे लागते.

आपल्याकडे याला एक वेगळाच पदर आहे. गुटखा आणि सुपारीच्या सवयीने गालाच्या आतली त्वचा कडक होऊन तोंड पुरेसे उघडत नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण आधीच्या सवयीचे आणि चोरट्या विक्रीचे परिणाम दवाखान्यांत दिसतच आहेत. अशा रुग्णाच्या दाढेच्या जागी हँडपीस आणि त्यावरचे लांब ड्रिल उभे धरायला जागाच मिळत नाही. मग ते कलते, सलाइनची धार हुकते आणि काम लांबते. अशा वेळी इम्प्लांटचा आग्रह सोडून दुसरा पर्याय निवडणे शहाणपणाचे ठरते.

नव्या पद्धती

मिनिटाला शे-दीडशे किंवा त्याहूनही कमी फेऱ्यांनी, सलाइनशिवाय ड्रिल चालवण्याची पद्धत काही जण वापरतात. उष्णता फारशी वाढत नाही आणि निघालेला हाडाचा चुरा वाया न जाता भरावासाठी उपयोगी पडतो. वेळ मात्र जास्त लागतो. अमेरिकेतील सलाह हुवाइस यांनी उलट्या दिशेने फिरणारी ड्रिले प्रचारात आणली. ती हाड कापून काढण्याऐवजी कडेला दाबून बसवतात. वरच्या जबड्यातील मऊ हाडात त्यांचा उपयोग पटण्यासारखा आहे, टणक हाडात नाही. ध्वनिलहरींच्या कंपनांनी हाड कापणारी उपकरणेही आहेत आणि नसेजवळ ती अधिक सुरक्षित असतात. यांपैकी कोणत्याही पद्धतीने काही वर्षांनंतरचे हाड किंवा हिरडी निश्चितपणे अधिक चांगली राहते, असे अद्याप ठामपणे सिद्ध झालेले नाही. जाहिरातीत यंत्राचे नाव मोठे दिसले, तर एवढे ध्यानात असू द्यावे.

छिद्राच्या माथी सारेच खापर फोडणेही योग्य नाही. दात बसवण्याआधीच, पहिल्या काही महिन्यांत इम्प्लांट निसटला, तर संशय शस्त्रक्रियेवर, उष्णतेवर किंवा जंतुसंसर्गावर जातो. पाच-सात वर्षांनी हिरडीतून रक्त किंवा पू येऊ लागला, तर बहुधा कारण वेगळे असते : साठलेले किटण, पूर्वीचा हिरडीचा विकार, धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह. ग्रामीण महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांत, मिश्री लावण्याची जुनी सवय आहे. भाजलेल्या तंबाखूची ती भुकटी रोज जिथे चोळली जाते, तेथील हिरडी मागे सरत जाते. इम्प्लांट कितीही कौशल्याने बसवला, तरी ही सवय त्याचे आयुष्य कमी करील.

शस्त्रक्रियेनंतर दोन-चार दिवस दुखणे आणि सूज स्वाभाविक आहे. आठवड्यानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, रात्री ठणका लागला किंवा ओठ बधिर राहिला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. बधिर ओठाच्या बाबतीत तर दुसऱ्याच दिवशी कळवावे. इम्प्लांटच्या वेष्टणावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक यांचा स्टिकर असतो. तो मागून आपल्या फायलीत लावून घ्यावा. पुण्यात बसवलेल्या दाताचा स्क्रू उद्या बारामतीत ढिला झाला, तर तेथील दंतवैद्याला नेमका कोणता पाना लागेल, हे त्यावरूनच कळते.

वरचा दात बसवला त्या दिवशीचा एक्स-रे मात्र सर्वांत मोलाचा. पहिल्या वर्षात काठाचे हाड एक ते दीड मिलिमीटर उतरणे पूर्वीपासून चालण्यासारखे मानले गेले आहे आणि १९८६ च्या निकषांनुसार त्यानंतर ही घट वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असावी. पण ती मोजायला आरंभीची खूण हवी. शिकागो येथे २०१७ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या हिरडीतज्ज्ञ संघटनांनी ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे, असा पहिला एक्स-रे उपलब्ध नसेल, तर रक्तस्रावाबरोबर कप्प्याची खोली सहा मिलिमीटर आणि हाडाची घट तीन मिलिमीटर झाल्यावरच इम्प्लांटभोवतीच्या अस्थिविकाराचे निदान करता येते. आठ मिलिमीटरच्या इम्प्लांटचा तोपर्यंत एक तृतीयांशाहून अधिक आधार गेलेला असतो.